जुनी मोटारसायकल आणि तिचे दागिने



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असले विषय घेतो. या अंकात मोटारसायकलीवर लिहीत आहोत, तेव्हा शेतकी खात्याला हा उद्योग कोणी सांगितला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, उसाची पहिली उचल खात्यावर पडली की आपल्या कार्यक्षेत्रात दोन गोष्टी हमखास होतात. सोयरिकी जमतात आणि गाड्या घेतल्या जातात. शिवाय आमचे निम्मे आयुष्य मोटारसायकलीवरच गेले आहे. लागणीच्या नोंदीपासून तोडणीच्या प्रोग्रामपर्यंत बांधाबांधाने फिरायचे ते तिच्यावरच. त्यामुळे उसाइतके नसले तरी तिच्यातले थोडेफार कळते.

त्याचे असे झाले. आमच्या गटातील एक जुने सभासद, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, गेल्या हंगामात जानेवारी महिन्यात संध्याकाळचे गटऑफिसात आले. (नाव छापायचे नाही, ही त्यांची अट आहे.) त्यांचा धाकटा मुलगा चाकणला कंपनीत नोकरीस आहे. त्याला मित्रांबरोबर मोटारसायकलवरून लेह-लडाखला जायचे होते आणि त्यासाठी त्याने पुण्यात एक जुनी गाडी पाहून ठेवली होती.

"साहेब, दीड लाख म्हणतोय. साठ त्याचे, नव्वद माझे. सगळी सजवलेली गाडी आहे म्हणे. नवी घेतली तर नुसत्या सजावटीलाच पन्नास हजार लागतात असं पोरगं म्हणतंय. तुम्ही एकदा नजर टाका."

तात्यांचे नव्वद हजार म्हणजे काय, हे आम्हास ठाऊक होते. आडसाली प्लॉटच्या उचलीतून सोसायटीचे कर्ज वळते होऊन हातात उरलेली ती जवळजवळ सगळी रक्कम होती. त्यातून ठिबकच्या नळ्या बदलायच्या, असे आमचे नि त्यांचे पावसाळ्यातच ठरलेले होते. वहिनींचेही मत ठिबकच्या बाजूने होते. पण धाकटे पोर, पहिल्यांदाच काही मागतेय, म्हणून तात्या विरघळले. आम्ही मध्ये पडलो नाही. घरचा निर्णय घरात. गाडी बघायला येतो एवढे कबूल केले.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ सालची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही गाडी कंपनीने २०१६ साली बाजारात आणली. एकच सिलिंडर, ४११ सीसीचे इंजिन, पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १७ इंचांचे, टाकी १५ लिटरची, वजन सुमारे १९० किलो. पहिल्या गाड्यांना कार्बोरेटर होता, २०१७ पासून इंजेक्शन आले, २०१८ मध्ये एबीएस ब्रेक आले, २०२० मध्ये बीएस-६ इंजिन आले. २०२३ च्या अखेरीस ४५० सीसीची नवी हिमालयन आली आणि ४११ ची विक्री थांबली. म्हणजे आता ४११ घ्यायची तर ती जुनीच घ्यावी लागते. डोंगराळ मुलुखात, खडबडीत रस्त्यावर सामान लादून जायला ही गाडी बरी म्हणून पोरांचा तिच्यावर डोळा असतो.

रविवारी तात्या, मुलगा आणि आम्ही असे तिघे पुण्यात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोहोचलो. गाडी पाहिली आणि खरोखर डोळे दिपले. मागे दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या, वर तिसरी पेटी, पुढे मोठा क्रॅशगार्ड, त्याच्यावर चार फॉग लाइट, उंच काच, हँडल वर उचललेले, मोबाईल ठेवायचा खटका, चार्जर, दोन सुरांचा हॉर्न, निराळा सायलेन्सर. मुलगा तर हरखूनच गेला. तात्या मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आमच्या कानाशी म्हणाले, "बेंदराचा बैल बाजारात उभा केलाय हो."

तात्यांनी बरोबर ओळखले. बैल घेताना आपण शिंगांचा रंग बघत नाही. झूल बाजूला सारतो, दात बघतो, चालवून बघतो, खांद्यावर सूज आहे का बघतो. गाडीचेही तसेच करावयाचे. आम्ही मालकाला म्हटले, पेट्या काढा. तो म्हणाला, कशाला काढायच्या, त्या तर गाडीबरोबरच मिळणार आहेत. म्हटले, तरीही काढा.

डाव्या अंगाची पेटी निघाली आणि तिच्या खालच्या पट्टीजवळ, मागच्या सीटखालच्या फ्रेमवर वेल्डिंगचा फुगवटा दिसला. वर काळा रंग मारलेला, पण बोट फिरवले की गाठ लागते. पेट्यांत भारंभार सामान भरून खड्ड्यांतून गाडी हाणली की सगळे ओझे त्या पट्टीवर झटके मारते आणि फ्रेम तडकते. ट्रॉलीचा साटा जसा जोडाजवळ तडकतो तसेच. पुढचा क्रॅशगार्ड डाव्या बाजूला कोरा करकरीत होता, उजव्या बाजूला मात्र खरचटलेला आणि ऊन-पावसाने फिकटलेला. एकाच वेळी बसवलेल्या गार्डाची दोन अंगे दोन वयांची कशी? मग आम्ही हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ते जिथे अडते तो थांबा पाहिला. डावीकडचा थांबा चेपलेला होता. गाडी समोरून जोरात आदळली की हँडल वेड्यासारखे फिरते आणि हा थांबा चेपतो. तो बदलायचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून तोच खरे सांगतो. गाडी पडलेली होती, आणि साधी कलंडलेली नव्हती.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. क्रॅशगार्ड असणे वाईट नाही. उलट गार्डावर दोन ओरखडे असलेली गाडी आम्हास आवडते, कारण गार्डाने आपले काम केले आणि इंजिन वाचले हे त्यावरून दिसते. संशय घ्यायचा तो नव्या गार्डाचा.

मग वायरिंग. आमच्याबरोबर आमच्या वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनकडून मागून आणलेले मीटर होते. गाडी बंद असताना बॅटरी १२.३ व्होल्ट दाखवीत होती, ते एक वेळ ठीक. चालू करून थोडी रेस दिली की १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला पाहिजे, तसे आले. पण चारही फॉग लाइट लावल्याबरोबर काटा १२.६ वर उतरला. म्हणजे गाडी जेवढी वीज तयार करते तिच्याहून खर्च जास्त. हिशोब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर. असे चार लावले की अठरा. रात्री घाटात तासभर दिवे लावून गेले की सकाळी सेल्फ उठणार नाही. एलईडी दिव्यांना वीज कमी लागते, पण तेही नीट जोडलेले हवेत. येथे टाकीखालची वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून जोड दिलेला होता. ना रिले, ना फ्यूज. शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये फ्यूजच्या जागी तार बांधणारे आपल्याकडे आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

टायर पाहिले. टायरच्या बाजूला गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मागच्या टायरवर ०७१९ होते, म्हणजे २०१९ सालच्या फेब्रुवारीतले, गाडीबरोबर आलेलेच टायर. मीटरवर किलोमीटर १८ हजार. आता १८ हजारांत टायर टिकला हे पटण्यासारखे आहे, पण रबरावर बारीक भेगा पडलेल्या होत्या. फूटरेस्टचे रबर आणि ब्रेकच्या पॅडलचे टोक झिजून गुळगुळीत झालेले. हे १८ हजारांचे झिजणे नव्हे. मीटर मागे फिरवतात, पाय ठेवायच्या जागा कोणी फिरवत नाही. सर्व्हिसची बिले मागितली तर मालक म्हणाला, बाहेर करीत होतो.

सायलेन्सरचे वेगळेच. मूळचा सायलेन्सर कुठे आहे, असे विचारता तो भंगारात गेला असे उत्तर आले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यातील कलम १८२-अ प्रमाणे, परवानगी नसलेला फेरफार गाडीत केला तर मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो. फेरफार मागच्याने केला होता, असे चौकात पोलिसाला सांगून चालत नाही. म्हणून जुन्या गाडीबरोबर मूळचा सायलेन्सर, मूळचे आरसे, मूळचे इंडिकेटर, दुसरी चावी आणि टूलकिट मिळते का, हे आधी विचारावे. ज्याने मूळचे सामान फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे, त्याने गाडीही बहुधा सांभाळलेली असते. खोडवा कसा येईल हे लागण कोणी कशी राखली यावर असते, तसेच हे.

एवढे होईपर्यंत मुलाचा चेहरा उतरला होता. पण खरी गोम कागदात निघाली. आरसी बुकावर नाव तिसऱ्याच गृहस्थाचे. विकणारा म्हणाला, मी त्यांच्याकडून घेतली, नावावर केली नाही, त्यांच्या टीटी फॉर्मवर सह्या आहेत, तुम्ही डायरेक्ट तुमच्या नावावर करून घ्या. वर आरसीवर एका फायनान्स कंपनीचा बोजा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा असला की आपण जमिनीचा व्यवहार थांबवतो ना? मग येथे का थांबत नाही? कर्ज फिटले असेल तर कंपनीचा दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो बोजा उतरवावा लागतो. विकणाऱ्याकडे दाखला नव्हता. मोबाईलवर परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर विमा संपून पाच महिने झालेले, आणि चलने थकलेली.

आम्ही तात्यांना बाजूला घेऊन नको म्हटले. तेव्हा मुलाने हळूच सांगितले की त्याने पाच हजार रुपये इसार देऊन ठेवला आहे. "काका, सौदा मोडला तर पैसे बुडतील. फॉर्मवर सह्या आहेत तर अडचण काय? नावावर करूच की सावकाश."

त्या "सावकाश" शब्दाने आम्हास आमची स्वतःची गोष्ट आठवली आणि ती त्याला तिथेच जिन्यावर बसून सांगितली. सभासदांसही सांगावयास हरकत नाही, जरी ती आमच्या मूर्खपणाची आहे.

२००९ साली आम्ही आमची जुनी १०० सीसीची मोटारसायकल तालुक्याच्या गावी एका इसमास विकली. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या, पैसे घेतले, पेढे वाटले. त्याने ती नावावर केली नाही, पुढे विकली. त्या पुढच्याने आणखी पुढे. २०१३ साली आमच्या नावाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. कोणा अनोळखी पोराने ती गाडी विनाविमा चालवून एका पादचाऱ्यास उडवले होते. त्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला. आम्ही गाडी चार वर्षांपूर्वी विकली असे कंठरवाने सांगितले, पण कागदावर मालक आम्हीच. तीन वर्षे तारखा झाल्या. ऐन तोडणीच्या दिवसांत रजा काढून कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो. शेवटी तडजोड झाली, आमच्या वाट्याचे पैसे आम्ही भरले. त्या अधू माणसाकडे पाहून भरताना वाईट वाटले नाही, आपल्या आळशीपणाचे मात्र वाटले.

पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. त्यात गाडी हातोहात चौघांकडे गेली होती, तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असा निकाल झाला. म्हणजे गाडी विकणाऱ्यानेच जास्त घाई करायला हवी. आपल्या राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावयाचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करावयाचा, असे कलम ५० सांगते. (ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तो आकडा सभासदांच्या चांगलाच लक्षात असतो. हाही ठेवावा.) दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला आणि इकडचा रोड टॅक्स, हे दोन्ही आले. स्वस्त मिळते म्हणून परराज्यातली गाडी घेणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

विम्याचेही असेच. तिसऱ्या माणसाचा विमा गाडीबरोबर चालू राहतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घेतल्याशिवाय आपल्याला मिळत नाही. त्यालाही मुदत १४ दिवसच. मागच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. आणि पेट्या, दिवे, गार्ड हे बाहेरून बसवलेले सामान पॉलिसीत किमतीसह लिहून घेतले नसेल तर अपघातात किंवा चोरीत त्याचे पैसे मिळत नाहीत. पन्नास हजारांचे दागिने म्हणून किंमत मोजायची आणि विम्यात त्यांची दमडी नाही, असे होते.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग उठला आणि विकणाऱ्याला जाऊन म्हणाला, गाडी नको. इसार परत मिळाला नाही. पाच हजार गेले. एसटीत तात्या मुलाला एक शब्दही बोलले नाहीत, त्याचेच पोराला जास्त लागले असावे.

मार्चमध्ये दुसरी गाडी पाहिली. तीच हिमालयन, २०१९ चीच, पण साताऱ्याच्या बाजूच्या एका शिक्षकाची. गाडी कंपनीतून आली तशी, फक्त लेग गार्ड लावलेले. फोटोत अगदीच साधी दिसत होती, म्हणून बरेच दिवस पडून होती. आम्ही सांगून ठेवले होते, आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करू नका. इंजिनाला हात लावून पाहिला, थंड होते. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले, धूर नाही. मेन स्टँडवर लावून दोन्ही चाके फिरवली. तारांची चाके असल्याने रिम वाकडी असली की डोलताना दिसते, तशी डोलली नाही. मागे दहा पावलांवर उभे राहून पाहिले, दोन्ही चाके एका रेषेत. हँडल वळवताना मध्येच खटकत नव्हते, म्हणजे कोनसेट चांगला. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेल नाही. चेन-स्प्रॉकेट मात्र संपलेला आणि मागचा टायर बदलायला आलेला. ते दाखवून किंमत कमी करून घेतली. मागणी १ लाख २५ हजारांची होती, व्यवहार १ लाख १४ हजारांना झाला. सर्व्हिसची बिले एका जुन्या वहीत तारखेनिशी चिकटवलेली होती. मास्तरांची शिस्त.

पैसे तिथे रोख दिले नाहीत. मास्तर, तात्यांचा मुलगा आणि आम्ही आरटीओत गेलो, परिवहनच्या साइटवर अर्ज भरला, फॉर्म २९, ३०, आरसी, विमा, पीयूसी, आधारच्या प्रती जोडल्या, पावती हातात पडली आणि मग खात्यावर पैसे गेले. मास्तरांनीही पावतीची एक प्रत आपल्या वहीत चिकटवली.

मुलाला सजावटीचा सोस होताच. आम्ही एवढेच सुचविले की आधी हजारभर किलोमीटर गाडी चालव, मग कशाची गरज आहे ते तीच सांगेल. त्याने शेवटी मोठा क्रॅशगार्ड घेतला आणि पत्र्याच्या पेट्यांऐवजी कापडी बॅगा घेतल्या, चाकाला घासू नयेत म्हणून त्यांची चौकट तेवढी बसवून घेतली. दिव्यांची एक जोडी, एलईडी, रिले आणि फ्यूजसह. सगळे मिळून १६ हजारांच्या आत. तात्यांच्या नव्वदातून जे वाचले त्यात आम्ही अर्ध्या प्लॉटच्या का होईना, ठिबकच्या नळ्या बदलल्या. उरलेला अर्धा या हंगामात.

आरसी कार्ड पोस्टाने घरी आले तेव्हा तात्या ते दाखवायला मुद्दाम गटऑफिसात आले. मुलाचे नाव, बोजाचा रकाना कोरा. उलटून पालटून पाहिले, मग कार्ड पाकिटात घालता घालता थांबले.

"साहेब, ट्रॅक्टरलाही हेच लागू का?"

आम्ही विचारले, का? तर त्यांनी घरचा ट्रॅक्टर आठ वर्षांपूर्वी पलीकडच्या तालुक्यातल्या पाव्हण्याकडून घेतलेला. व्यवहार विश्वासाचा, कागद पाव्हण्याच्याच नावावर. आणि पाव्हणे वारून तीन वर्षे झाली. आता आधी फॉर्म ३१ भरून ट्रॅक्टर वारसांच्या नावावर व्हायचा आणि मग तात्यांच्या. वारस तीन. एक गावात, एक मुंबईला, आणि तिसरा सुरतेस साड्यांच्या कारखान्यात.

तात्यांनी हिशोब केला, गटऑफिसच्या फोनवरूनच मुंबईला फोन लावला आणि त्याच शनिवारी सुरतेच्या गाडीचे तिकीट काढले.